पांगुळगाडा सुटल्यावर : बाळाच्या पहिल्या गाडीचे भौतिकशास्त्र

रांगणारे मूल भिंतीला धरून उभे राहू लागले, की पूर्वी मराठी घरातून सुताराकडे निरोप जात असे. बाभळीचे वा सागाचे चार तुकडे, तीन लाकडी चाके आणि मुलाच्या छातीइतक्या उंचीवर एक आडवा दांडा, एवढ्यात पांगुळगाडा तयार होई. त्याची चाके कुरकुरत. लाकडी भोक आणि लाकडी आस यांत घर्षण पुष्कळ, म्हणून गाडा जड चाले. हा दोष नव्हता, उलट त्या यंत्राचा तो मोठा गुण होता. मुलाने दांड्यावर भार टाकला तरी गाडा पुढे पळून जात नसे. मूल जेवढे ढकलील तेवढाच तो सरके. त्याला बॉलबेअरिंग बसवले असते, तर पहिल्याच दिवशी बाळाचे नाक फुटले असते.

हा गाडा सुटल्यावर पुढे काय, असा प्रश्न माकणीच्या एका शिक्षकमित्रांनी आमच्यापुढे ठेवला. बाळ पावणेदोन वर्षांचे आहे. बाजारात तीनचाकी सायकल आहे, बसून पायांनी ढकलायची प्लॅस्टिकची मोटार आहे, बाजूला दोन छोटी चाके लावलेली बारा इंची सायकल आहे आणि आता बिनपायडलची दुचाकीही आली आहे. यांतले काय घ्यावे? पालक हा प्रश्न दुकानदाराला विचारतात आणि दुकानदार जे शिल्लक असेल ते दाखवतो. वास्तविक नववीच्या विज्ञानात जेवढे शिकवले जाते, तेवढ्या सामग्रीवर याचे बरेचसे उत्तर काढता येते. मात्र गाडी कोठे चालणार आहे हे आधी पाहावे लागते.

माकणी हे धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातले तेरणाकाठचे गाव. निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण येथेच आहे. या टापूत लहान मुलाच्या चाकाखाली नाना प्रकारची जमीन येते : घरातली शहाबादी फरशी, सारवलेले अंगण, गल्लीतले सिमेंट काँक्रीट, मुरमाचा रस्ता आणि पावसाळ्यात चिकटणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागात जी पुनर्वसित गावे वसली, त्यांतले रस्ते सरळ व रुंद आहेत. जुन्या गावठाणातले बोळ अरुंद आणि चढउताराचे. एकच गाडी दोन्हीकडे सारखी चालणार नाही.

मूल कधी तयार होते?

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून २००६ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार आधाराशिवाय चालणे ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत केव्हाही सुरू होऊ शकते. म्हणजे दोन निरोगी मुलांमध्ये नऊ महिन्यांचा फरक असू शकतो आणि त्यात काळजीचे काही नाही. तेव्हा ‘दीड वर्षाला ही गाडी, दोन वर्षांना ती गाडी’ असे खोक्यावर छापलेले वय हा केवळ अंदाज समजावा. मूल स्थिर चालते काय, अंगणातून पळताना स्वतःहून थांबू शकते काय आणि वाकून खाली पडलेली वस्तू न पडता उचलते काय, या तीन गोष्टी आम्हाला वयापेक्षा महत्त्वाच्या वाटतात.

येथेच एका गोंधळाचे निवारण केले पाहिजे. मुलाला मधल्या कापडी बैठकीत बसवून खाली गोल चौकटीला चाके लावलेला ‘वॉकर’ हा पांगुळगाड्याचा सुधारलेला अवतार आहे असे पुष्कळांना वाटते. तो तसा मुळीच नाही. पांगुळगाड्यात मूल स्वतःच्या पायांवर उभे असते आणि स्वतःचा तोल स्वतः सांभाळते. वॉकरमध्ये ते टांगलेले असते, तोल सांभाळण्याची गरजच उरत नाही आणि चालता न येणाऱ्या मुलाच्या हाती पळण्याचा वेग मात्र येतो. पायऱ्यांवरून वॉकरसकट कोसळण्याचे अपघात इतके झाले, की कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे तो अजून भेटवस्तू म्हणून दिला जातो. आमचे मत विचाराल तर तो घेऊ नये आणि आलाच तर वापरू नये.

तीनचाकी खरोखर पडत नाही काय?

‘तीन पायांची तिवई डगमगत नाही’ हे आपण शिकवतो आणि ते खरेही आहे. परंतु डगमगणे वेगळे आणि कलंडणे वेगळे. वस्तू केव्हा कलंडते? तिच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेषा टेकूच्या क्षेत्राबाहेर गेली म्हणजे. तीनचाकीच्या टेकूचे क्षेत्र त्रिकोणी असते. त्याचे एक टोक पुढच्या चाकाखाली आणि दोन टोके मागच्या चाकांखाली. मूल जसजसे पुढे सरकून बसेल तसतसा हा त्रिकोण त्याच्या दोन्ही बाजूंना निमुळता होत जातो.

एक उदाहरण आकडे घालून पाहू. मागच्या दोन चाकांतले अंतर ४० सेंमी आहे, पुढच्या चाकापासून मागच्या आसापर्यंतचे अंतर ४५ सेंमी आहे आणि मूल व गाडी मिळून गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या १० सेंमी पुढे आहे असे समजा. त्या जागी त्रिकोणाची अर्धी रुंदी २० × ३५ ÷ ४५, म्हणजे सुमारे १५.६ सेंमी भरते. १२ किलोचे मूल, ४ किलोची गाडी आणि जमिनीपासून २८ सेंमीवर सीट, असे धरले तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ४० सेंमी उंचीवर येतो. १५.६ ला ४० ने भागले की ०.३९ मिळतात. हा आकडा त्या गाडीची पत्रिकाच होय. जमीन आडवी कलती असेल तर सुमारे २१ अंशांपर्यंत गाडी उभी राहील. वळताना केंद्रगामी त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.३९ पटीपर्यंत, म्हणजे ३.८ मीटर प्रति वर्ग सेकंद होईपर्यंत ती कलंडणार नाही. एक मीटर त्रिज्येच्या वळणावर हा वेग सेकंदाला सुमारे १.९५ मीटर, अर्थात ताशी ७ किमी येतो. वळण अर्ध्या मीटरचे असेल तर ताशी ५ किमी.

आता मूल पायडल मारून या वेगाला पोहोचेल काय ते तपासू. तीनचाकीचे पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसावर असते, मध्ये साखळी नाही. चाकाचा व्यास २५ सेंमी धरला तर पायडलाच्या एका फेऱ्यात गाडी ७८ सेंमी जाते. ताशी ७ किमीसाठी सेकंदाला अडीच फेरे मारावे लागतील. दोन-तीन वर्षांच्या मुलाला हे साधत नाही. म्हणजे सपाट जागेवर, एकटे, स्वतःच्या पायांनी चालवणारे मूल तीनचाकीवरून सहसा कलंडणार नाही. ते कलंडते ते दोनच वेळा : गाडी उताराला लागते तेव्हा, नाही तर मोठा भाऊ मागून ढकलतो तेव्हा. तीनचाकीला सुरक्षित वा असुरक्षित ठरवणारी गोष्ट खोक्यावर लिहिलेली नसते, ती अंगणात असते.

सीट १० सेंमी उंच केली तर काय होईल? गुरुत्वमध्य ४० वरून सुमारे ४८ सेंमीवर जातो आणि एक मीटरच्या वळणावरची मर्यादा ताशी ७ वरून ६.४ किमीवर येते. फरक पडतो, पण फार नाही. उलट मूल वळणाच्या बाहेरच्या बाजूला नुसते १० सेंमी झुकले, तर गुरुत्वमध्य ७.५ सेंमी सरकतो, अर्धी रुंदी १५.६ ची ८.१ उरते आणि मर्यादा एकदम ताशी ५ किमीवर घसरते. वळताना आतल्या बाजूला झुकायचे असते हे तीनचाकीवरच्या मुलाला कोणी शिकवत नाही आणि गाडीही शिकवत नाही, कारण ती स्वतः सरळच उभी असते.

मागे उभे राहण्यासाठी असलेली पट्टी हे आपल्याकडच्या तीनचाकीचे खास वैशिष्ट्य. १५ किलोची ताई मागच्या आसाच्या १५ सेंमी मागे त्या पट्टीवर चढली, की हिशेब असा होतो : १६ किलो आसाच्या १० सेंमी पुढे, १५ किलो १५ सेंमी मागे. एकीकडे १६०, दुसरीकडे २२५. एकत्रित गुरुत्वमध्य आसाच्या मागे गेला. पुढचे चाक उचलले जाते आणि दोघेही पाठीवर. तरफेचा पाठ शिकवताना शिक्षकांनी हे उदाहरण जरूर घ्यावे. मुलांना ते चटकन पटते, कारण ती सर्व जण त्या पट्टीवरून केव्हा ना केव्हा पडलेली असतात.

हा सर्व हिशेब शाळेत पडताळता येईल. गावातून एक तीनचाकी आणावी. १२ किलो ज्वारी अर्ध्या पोत्यात भरून पोते सीटवर उभे बांधावे. गाडी एक मीटर रुंदीच्या फळीवर आडवी ठेवून खालच्या बाजूच्या चाकांना विटेची पट्टी लावावी, म्हणजे ती घसरणार नाही. मग फळीची एक कड हळूहळू उचलत जावी. वरच्या बाजूचे मागचे चाक सुटले त्या क्षणी कड किती सेंमी उचलली गेली ते मोजावे. वरच्या उदाहरणात ती सुमारे ३६ सेंमी यायला हवी. तुमच्या गाडीचे माप वेगळे येईल, आणि तेच खरे माप. दोन विद्यार्थ्यांनी पोते धरण्यासाठी तयार उभे राहावे, हे सांगायला नकोच. मग पोते १० सेंमी बाजूला सरकवून पुन्हा मोजावे.

घसरणे बरे की कलंडणे?

चाके कशाची आहेत यावर एक गमतीचा परिणाम अवलंबून असतो. गुळगुळीत फरशीवर कडक प्लॅस्टिकचा घर्षणांक ०.३ च्या आसपास धरला, तर तो आपल्या ०.३९ पेक्षा कमी भरतो. वळणावर गाडी कलंडण्याच्या आतच मागून घसरते, गिरकी घेते आणि थांबते. मूल हसते. रबरी चाकांचा काँक्रीटवर घर्षणांक ०.६ च्या वर असतो. ती चाके जमीन सोडत नाहीत, म्हणून वेग मर्यादेबाहेर गेला तर गाडी घसरायच्या ऐवजी कलंडते. म्हणून रबरी चाकांच्या तीनचाकीला मागची रुंदी अधिक हवी आणि सीट खाली हवी. स्वस्त गाडीची प्लॅस्टिकची चाके घरात अधिक सुरक्षित ठरतात, ही गोष्ट आम्हालाही प्रथम चमत्कारिक वाटली होती.

घराबाहेर मात्र पारडे उलटते. मुरमाच्या रस्त्यावर २ सेंमीचा खडा चाकापुढे आला असे समजा. चाक त्यावरून चढवायला किती आडवे बल लागेल? चाकाची त्रिज्या ५ सेंमी असेल, तर त्या चाकावरच्या भाराच्या १.३ पट. त्रिज्या १५ सेंमी असेल, तर ०.५८ पट. (खड्याच्या टोकाभोवती बल आघूर्ण घेऊन वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी हे काढून पाहावे.) छोट्या चाकाच्या प्लॅस्टिक मोटारीला खडा ओलांडता येत नाही. ती जागच्या जागी थांबते, मूल जडत्वाने पुढे जाते आणि हनुवटी हँडलवर आपटते. थोडक्यात, अशी मोटार फरशीची. मुरूम, काळी माती अथवा उखडलेले काँक्रीट असेल तेथे बारा इंची चाकाला पर्याय नाही.

चाकाच्या इतिहासात लहान मुलाच्या तीनचाकीला मानाचे पान आहे, हे येथे सांगितले पाहिजे. बेलफास्टमध्ये राहणारे पशुवैद्य जॉन बॉइड डनलप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला कडक रबराऐवजी हवा भरलेली रबरी नळी बसवून पाहिली, ती फरसबंद रस्त्यावरचे धक्के कमी व्हावेत म्हणून. १८८८ साली त्यांनी तिचे पेटंट घेतले. (अशी कल्पना रॉबर्ट थॉमसन यांनी १८४०च्या दशकातच मांडली होती, पण ती विस्मरणात गेली होती.) त्याच १८८८ साली आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला सायकलचे दुकान काढले आणि पुढच्या साऱ्या किर्लोस्कर उद्योगाचा उगम त्या दुकानात झाला.

पायडल नसलेली सायकल : नवी नव्हे, सर्वांत जुनी

बिनपायडलच्या दुचाकीला ‘बॅलन्स बाइक’ म्हणतात. शिक्षकमित्रांना ती अर्धवट सायकल वाटली. ‘पैसे पूर्ण घेऊन पायडल काढून दिलेले’ असे त्यांचे शब्द होते. परंतु सायकलचा जन्मच असा झाला. १२ जून १८१७ रोजी जर्मनीतील मॅनहाइम येथे कार्ल ड्राइस यांनी दोन चाकांचे लाकडी यंत्र दोन्ही पायांनी जमीन ढकलत चालवले. १८१५ च्या तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे पिके बुडाली, दाणावैरण महागली आणि घोड्याला पर्याय शोधण्याची निकड भासली, असा एक तर्क आहे. तो सर्व इतिहासकारांना मान्य नाही. पुढच्या चाकाला पायडल बसले ते १८६०च्या दशकात, पॅरिसमध्ये. साखळीने मागचे चाक फिरवणारी आजच्या धाटणीची यशस्वी सायकल १८८५ ची. म्हणजे आजच्या दुकानात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या तीन गाड्यांपैकी बॅलन्स बाइक १८१७ ची, तीनचाकीचे पायडल १८६०च्या दशकातले आणि बारा इंची सायकल १८८५ ची! तोल आधी आणि पायडल नंतर, हा क्रम माणसाने पन्नास वर्षे घालवून शिकला. मुलालाही तोच क्रम सोयीचा पडतो. का, ते पाहू.

तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ सर्वांना ठाऊक आहे. काठी डावीकडे पडू लागली तर हात डावीकडे न्यावा लागतो, म्हणजे टेकू पुन्हा गुरुत्वमध्याखाली येतो. दुचाकीवर नेमके हेच करायचे असते. डावीकडे पडू लागलात तर हँडल डावीकडे वळवा, चाके तुमच्या खाली येतील. भीतीने उजवीकडे वळवलेत तर पडलातच. फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या परिणामामुळे सायकल उभी राहते, असे अजून काही पुस्तकांत सांगितलेले आढळते. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड जोन्स यांनी उलट दिशेने फिरणारे जादा चाक लावून तो परिणाम नाहीसा केला आणि तरीही ती सायकल चालवून दाखवली. हे त्यांनी १९७० साली लिहिले. २०११ साली कॉर्नेल व डेल्फ्ट येथील संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात भोवऱ्याचा परिणाम नसलेली आणि तरीही ढकलून सोडल्यास आपोआप तोल सावरणारी सायकल सादर केली. लहान मुलाच्या चिमुकल्या, संथ चाकांत तर भोवऱ्याचा परिणाम नगण्यच असतो. त्याला वाचवते ते हँडल.

बाजूची चाके लावलेल्या सायकलचा दोष येथे उघड होतो. ही चाके असताना सायकल पडूच शकत नाही, म्हणून ‘पडतोय त्या बाजूला वळव’ हा धडा मुलाला मिळतच नाही. उलट वळणावर ती बाहेरच्या बाजूच्या छोट्या चाकावर रेलते आणि मुलाच्या अंगवळणी चुकीची झुकण्याची सवय पडते. ज्या दिवशी बाजूची चाके काढली जातात, त्या दिवशी मुलाला पायडल मारण्याचा सराव असतो, तोल मात्र मुळापासून शिकायचा असतो. पोर्तुगीज संशोधकांच्या पुढाकाराने अनेक देशांतील लोकांकडून माहिती गोळा करून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बॅलन्स बाइकने सुरुवात करणारी मुले सरासरी चार वर्षांच्या आसपास, तर बाजूच्या चाकांनी सुरुवात करणारी सहा वर्षांच्या आसपास स्वतंत्रपणे सायकल चालवू लागल्याचे आढळले. ही माहिती लोकांनी आठवणीने दिलेली आहे आणि जे पालक बॅलन्स बाइक घेतात ते बहुधा मुलांना लवकर शिकवण्याच्या खटपटीतही असतात, तेव्हा दोन वर्षांचे सारे श्रेय गाडीला देणे योग्य नव्हे. पण दिशा भौतिकशास्त्र सांगते तीच आहे.

येथे एक शंका रास्त आहे. लहान काठी तळहातावर उभी धरणे लांब काठीपेक्षा कठीण असते, पेन्सिल तर जवळजवळ अशक्य. मग बुटके मूल अधिक लवकर पडणार नाही काय? होय, पडते. उलट्या लंबकाचे कलणे सुमारे पावणेतीन पट व्हायला लागणारा काळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. गुरुत्वमध्य ५५ सेंमीवर असेल तर तो सुमारे ०.२४ सेकंद, १.१ मीटरवर असेल तर ०.३३ सेकंद. सावरायला मुलाला मोठ्यापेक्षा कमी वेळ मिळतो आणि त्याची प्रतिक्रियाही मंद असते. म्हणूनच पहिले कित्येक दिवस त्याला हँडलपेक्षा पायच तारतात. याचा अर्थ असा, की बॅलन्स बाइकवर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकलेच पाहिजेत. ही अट पुरी होत नसेल, तर बाकीचे सारे गुण व्यर्थ होत.

माप, वजन आणि आपली ‘वाढत्या अंगा’ची सवय

मुलाला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे करावे. दोन पायांमध्ये एक पुस्तक वरपर्यंत आडवे धरावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजावे. सीटची उंची या मापापेक्षा दोन-तीन सेंमी कमी हवी. म्हणजे माप ३४ सेंमी असेल तर सीट ३१-३२ वर यायला हवी. सर्वांत खाली आणलेली सीट ३५ वर असेल, तर ती गाडी आज घेऊ नये. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा शिवतो आणि तेच तत्त्व गाडीला लावतो. सदरा सैल असला तर दोन वर्षे नुसता वाईट दिसतो. सायकल उंच असली तर पाय पोहोचत नाहीत, मूल पडते, घाबरते आणि गाडी माळ्यावर जाते. त्या मापाचे मूल येईपर्यंत चाकांचे रबर वाळलेले असते. सीट व हँडल किती वर नेता येते हे पाहावे, पण सुरुवात खालच्या टोकापासून व्हावी.

वजनाकडे तर कोणी पाहतच नाही. तीन वर्षांच्या मुलाचे वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सुमारे १४ किलो आहे. आपल्याकडे पुष्कळ मुले १२-१३ किलोंची असतात. १३ किलोच्या मुलाला साडेसात किलोची लोखंडी सायकल देणे, म्हणजे ६० किलोच्या गुरुजींना जवळपास ३५ किलोची सायकल देण्यासारखे आहे. आपली जुनी काळी सायकलसुद्धा वीसएक किलोंचीच! गाडी मुलाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत बसावी. किराणा दुकानातल्या काट्यावर ती टांगून पाहिली तर कोणी अडवणार नाही. चकचकीत मडगार्ड, घंटी, टोपली आणि मागचा कॅरिअर यांनी वजनच वाढते.

ब्रेकच्या बाबतीत एकच पाहावे : मुलाची बोटे दांड्यापर्यंत पोहोचतात काय आणि तेवढ्या ताकदीने तो दाबला जातो काय. दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते आणि पायच ब्रेक ठरतात. पाय किती थांबवतील? दहात एक उताराच्या जागेवर गाडी पाच मीटर सुटली, तर घर्षण सोडून दिल्यास तिचा वेग सेकंदाला ३.१ मीटर, म्हणजे ताशी ११ किमी होतो. खाली सपाटीवर आल्यावर मुलाने पाय घासून प्रति वर्ग सेकंदास २ मीटरने वेग कमी केला, तरी थांबायला सुमारे अडीच मीटर लागतात. ओट्याच्या उतारापासून रस्ता अडीच मीटरांवर आहे काय, ते आधी पाहावे. धरणाचा भराव, कालव्याचा काठ, बिनकठड्याची विहीर आणि ट्रॅक्टर मागे घेतला जातो ते अंगण, येथे या गाड्या नेऊच नयेत, कितीही लक्ष ठेवणार असलात तरी.

१ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० लागू आहे. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असणे बंधनकारक झाले. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. रंगातील शिसे व अन्य विषारी मूलद्रव्ये, सुट्या होणाऱ्या बारीक वस्तू, धारदार कडा यांच्या चाचण्या त्यामागे असतात. दोन वर्षांचे मूल हँडल चावते, तेव्हा रंगाचा प्रश्न क्षुल्लक नाही. आंतरराष्ट्रीय मानकांत सीट जास्तीत जास्त ४३५ मिमी उंच असलेली सायकल खेळणे मानली जाते. त्यावरची, ६३५ मिमीपर्यंतची, लहान मुलांची सायकल म्हणून वेगळ्या मानकात जाते. खेळणे रहदारीसाठी बनवलेले नसते, हे या विभागणीतच अभिप्रेत आहे.

पुष्कळ घरांत पहिली गाडी मुलासाठी येते आणि मुलीला ती भाऊ कंटाळल्यावर मिळते, असे आम्ही अनेक ठिकाणी पाहिले. पुढे आठवीत तिलाच शेजारच्या गावच्या शाळेत सायकलवर जायचे असते.

मग शिक्षकमित्रांना काय सांगितले? बाळ अजून दोन वर्षांचेही नाही. घरात शहाबादी फरशी, बाहेर काँक्रीटची गल्ली. आज काही घ्यायचेच असेल, तर चार चाकांची, सीट वीस-बावीस सेंमीवर असलेली, पायांनी ढकलायची ठेंगणी गाडी फरशीपुरती पुरे. शेजाऱ्यांकडे पडून असेल तर मागून आणावी. आवर्तात अडीच वर्षांच्या सुमारास, पायाचे माप ३३-३४ सेंमी झाले, की बारा इंची बॅलन्स बाइक. ती महाग वाटली, तर जुनी बारा इंची सायकल घेऊन सायकल दुरुस्तीवाल्याकडून साखळी, पायडल आणि क्रँक काढून घ्यावेत व सीट पूर्ण खाली बसवावी. डावे पायडल उलट आट्यांचे असते, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सुटते, एवढे लक्षात ठेवावे. क्रँक काढल्यावर उघड्या राहिलेल्या आसावर रबरी नळीचा तुकडा घट्ट बसवून घ्यावा, नाही तर पोटऱ्या खरचटतात. वजनाचा काटा आणि सीटची उंची मात्र येथेही सोडू नये. पुष्कळ जुन्या सायकलींची सीट पुरेशी खाली येत नाही आणि मग हा बेत तेथेच संपतो.

डोक्याला नीट बसणारे, हनुवटीखाली बंद लागणारे छोटे हेल्मेट बॅलन्स बाइकबरोबरच घ्यावे. पहिल्या दिवसापासून घातले तर मूल त्याला गाडीचाच भाग मानते. झाडावर किंवा घसरगुंडीवर जाताना ते काढून ठेवावे, कारण त्याचा बंद फांदीत अडकू शकतो. मूल उतारावर दोन्ही पाय वर उचलून पाच-सहा मीटर सरळ जाऊ लागले आणि वळणावर आपण होऊन आत झुकू लागले, की काढून ठेवलेली साखळी व पायडल पुन्हा बसवण्याची वेळ झाली. बाजूची चाके त्या वेळी दुकानदार फुकट देत असला तरी घेऊ नयेत.